ब्लँकेट दिलंत, पण सकाळी ते ठेवायचं कुठे? ठाण्याच्या हिवाळ्यात बेघर शेजाऱ्यांसाठी काम कसं उभं करावं

पहिल्या वर्षी आम्ही दत्तजयंतीच्या रात्री स्टेशन रोडवर साठ ब्लँकेटं वाटली. पाऊण तासात काम फत्ते. मंडळाच्या पोरांनी फोटो काढले, आम्ही बायकांनी घरी येऊन चहा घेतला, आणि फार छान वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडायला निघाले, तर कचऱ्याच्या हातगाडीवर सगळ्यात वर आमचंच मरून ब्लँकेट. पुढे आणखी एक गटाराच्या कडेला. रात्री ज्या काकांना स्वतःच्या हाताने दिलं होतं, ते बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. जरा रागातच विचारलं, "काका, ब्लँकेट टाकून दिलंत?"

"ताई, दुकान साडेनवाला उघडतं. शेठ पायरीवर काही ठेवू देत नाही. मग काय करू, ते डोक्यावर घेऊन नाक्यावर काम मागायला जाऊ?"

ज्याला घर नाही त्याला कपाटही नाही, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. या वर्षी आपल्या सोसायटीने, मंडळाने, देवळाने किंवा चर्चने काही करावं असं वाटत असेल, तर आमच्या चुका वापरा. खाली लिहिलंय ते ठाण्याचं आहे, पण वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूरलाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आपल्याकडे कसली आलीय थंडी?

हा प्रश्न वर्गणी मागायला गेलं की पहिल्याच दारात येतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, तो मुंबईचा नीचांक. एरवी ठाण्यात पारा पंधरा-सोळावर आला की आपण गच्चीत जाऊन हुरडा पार्टीचे बेत करतो. पण ते पंधरा अंश हवेचे. पुलाखालचं काँक्रीट पहाटेपर्यंत अंगातली ऊब ओढत राहतं, खाडीकडून दमट वारा येतो, पहाटे दव पडतं. त्यात माणूस साठीच्या पुढचा, पोटात वडापावाखेरीज काही नाही, अंगावर ओलसर शर्ट. अशा माणसाचं शरीर गारठायला बर्फ पडावा लागत नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवाला धोका सुरू होतो, आणि उपाशी, आजारी, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते आपल्या हवेतही घडू शकतं.

एकच लक्षात ठेवा: थंडी वरून येते तेवढीच खालून येते. आपण मात्र फक्त पांघरूण वाटत सुटतो.

आधी मोजा, मग मागा

दिवाळी झाली की तीन रात्री काढा. दोन कामाच्या वारांच्या, एक रविवारची. वेळ साडेअकराच्या पुढची, कारण त्याआधी दुकानं उघडी असतात आणि पथारी पसरलेली नसते. एक भाग ठरवून घ्या. आख्खं ठाणे घेऊ नका. आम्ही स्टेशनपासून तलावपाळीपर्यंतचाच पट्टा घेतला. दुसऱ्या कुणी तीन हात नाका घ्यावा, कुणी माजिवड्याचा पूल, कुणी कळव्याच्या शिवाजी हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. फलाट आणि स्टेशनची हद्द रेल्वेची, तिथे परवानगीशिवाय काही करायला जाऊ नका.

वहीत नावं लिहायची नाहीत. जागा, किती जण, त्यात बायका किती, मुलं किती, म्हातारी किती, कुणाकडे अंथरूण नाही, कुणाच्या पायाला जखम आहे, कुणाबरोबर कुत्रं आहे, एवढंच. कुत्र्याचं का, ते पुढे येईल. गाडीचा दिवा तोंडावर मारू नका. उभ्याने बोलू नका, बाजूला टेका. बायका झोपतात त्या कोपऱ्यात बायकांनीच जावं, आणि निघण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधं पत्र देऊन पोच घ्यावी. गस्तीवरच्या हवालदाराला आपण कोण हे ठाऊक असलं की पुढचे दोन महिने सोपे जातात.

या तीन रात्रींत आमची बरीच मतं गळून पडली. भिकारी म्हणून आम्ही ज्यांच्याकडे बघत होतो, त्यांत लग्नसराईला आलेले केटरिंगचे वाढपी होते, नाक्यावरचे बिगारी होते, भंगार वेचणाऱ्या दोन बहिणी होत्या आणि हॉस्पिटलात मुलगा ॲडमिट असलेले एक आजोबा होते. आणखी एक. डोक्यावरून चादर घेऊन गुडघे पोटाशी धरलेली माणसं बघून आम्ही म्हटलं, बिचारे किती कुडकुडतायत. त्यातली एक मावशी हसून म्हणाली, "थंडी नाय गं, मच्छर!" डिसेंबर-जानेवारीत नाल्याकडेचे डास काय असतात ते आपल्याला जाळीच्या खिडकीमागून कळत नाही. आता आमच्या यादीत डास पळवायचं मलम असतं. अगरबत्ती नाही, कारण ती पांघरुणाशेजारी लावून लोक झोपतात.

गाठोड्यासाठी जागा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि पैशाच्या हिशेबात सगळ्यात स्वस्तही.

मंडळाची खोली, देवळाचा मागचा व्हरांडा, चर्चच्या हॉलचा कोपरा, मशिदीच्या वजूखान्याशेजारची पडवी, बुद्धविहाराची माळ्यावरची जागा, काहीही चालेल. अट दोनच: छप्पर हवं आणि कुलूप हवं. विश्वस्तांकडे 'बेघरांसाठी खोली द्या' म्हणून जाऊ नका, ते घाबरतात. आम्हाला एका ठिकाणी दोन मीटिंगा घेऊन तिसऱ्या वेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या ठिकाणी आम्ही सहा फूट लांबीची रॅक आणि दिवसातून दोनदा अर्धा तास, इतकंच मागितलं. मिळालं.

पद्धत देवळातच सापडली. चपला ठेवायला बिल्ला देतात ना, तोच बिल्ला. तांदळाची पंचवीस किलोची रिकामी गोणी धुऊन घ्यायची, तिच्यावर ऑइलपेंटने आकडा रंगवायचा, त्याच आकड्याचा बिल्ला माणसाच्या हातात. सकाळी साडेसहा ते सात गोणी जमा, रात्री साडेनऊ ते दहा गोणी परत. रोज एकच माणूस पुरतो, पण तो रोज यायला हवा. आमच्याकडे निवृत्त झालेले चार जण पाळीने बसतात. पाळीचा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

नियम अनुभवातून बनले. गोणीत खाणं ठेवायचं नाही, उंदीर होतात. पहिल्या महिन्यात अर्ध्या बिस्किटाच्या पुड्यापायी तीन गोण्या कुरतडल्या गेल्या. ओलं असेल ते आधी दोरीवर, मग गोणीत. कुणाचीही गोणी आपण उघडायची नाही. बिल्ला हरवला तर आत काय आहे ते सांगून गोणी मिळते. आणि एकाचं पांघरूण दुसऱ्याच्या गोणीत कधीच जाऊ द्यायचं नाही, कारण खरूज अशीच पसरते. कुणाला बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर खाज आणि पुरळ दिसलं, तर महापालिकेच्या आरोग्यकेंद्रात न्या. त्याचे कपडे आणि पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता येणार नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगापासून दूर खरजेचे किडे दोन-तीन दिवसांवर टिकत नाहीत. औषध मात्र बरोबर झोपणाऱ्या सगळ्यांना एकदमच लावावं लागतं.

काय घ्यायचं

खालून वर या.

पहिला थर फ्लेक्स. आपल्या शहरात तो फुकट आणि मुबलक आहे. वाढदिवस, हार्दिक अभिनंदन, भावी नगरसेवक, काय हवं ते. लावणाऱ्याला विचारून उतरवा, ओल्या फडक्याने पुसा, सहा बाय तीनचे तुकडे करा. फ्लेक्स ऊब देत नाही, फक्त ओल अडवतो. छापील बाजू जमिनीकडे ठेवा. भाऊंच्या चेहऱ्यावर कुणी झोपलेलं कार्यकर्त्यांना खपत नाही, हेही अनुभवाने सांगते. दुसरा थर खोक्यांचा पुठ्ठा, फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा असेल तर उत्तम, दुहेरी घडीचा. खरी ऊब राखतो तो पुठ्ठाच. तो भिजला की बदलायचा, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन दुकानदारांशी बोलून ठेवा. त्यावर चटई किंवा सतरंजी.

मग पांघरूण. ब्लँकेट नगावर घेऊ नका, वजनावर घ्या. दुकानदार ढीग दाखवून भाव सांगतो तेव्हा एक काट्यावर ठेवायला लावा. किलोच्या आत भरलं तर ते फोटोपुरतं. माझं मत विचाराल तर ठाण्याच्या बहुतेक रात्रींना एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन सोलापुरी चादरी बऱ्या. दोन थरांत हवा अडकते, एक धुतली तरी दुसरी असते, घडी लहान होते आणि त्या मार्चनंतरही उपयोगी पडतात. रंग गडद घ्या. फ्लीसचं ब्लँकेट हलकं आणि उबदार खरं, पण ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. जिथे शेकोटी पेटते तिथे ते देऊ नका.

कानटोपी आणि पायमोजे यांवर हात आखडू नका. पायमोजे तर कधीच पुरत नाहीत. टाचांच्या भेगांना व्हॅसलीनची छोटी डबी. बायकांसाठी शाल, नवे आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड, तेही पिशवीत घालून बाईच्याच हातून. जुने कपडे मागितले की लोक जरीच्या साड्या, लग्नातले सूट आणि तुटक्या चेनचे जॅकेट पाठवतात. सोसायटीच्या नोटिशीत स्पष्ट लिहा: धुतलेलं, बटणं असलेलं, आपण स्वतः उद्या घालू असं.

कुणाकडे काय मागायचं

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, हा बाबांचा रोकडा धर्म. मंडळाच्या बैठकीला तारीख शोधत असाल तर हीच धरा. कार्यक्रम, भाषण, हारतुरे नकोत, त्या दिवशी रॅक बसवा.

जेवणाची भांडी नव्याने मांडू नका. गुरुद्वारात लंगर असतोच, आपण फक्त कोणत्या वेळी कुणी जाऊ शकतं ते लोकांना सांगायचं आणि ज्याला चालवत नाही त्याच्यापर्यंत डबा न्यायचा. तलावपाळीजवळ कोपिनेश्वर मंदिर आहे, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे, टेंभी नाक्याला जैन मंदिर आहे. चालत पंधरा मिनिटांच्या आत इतक्या धर्मांची दारं असताना एकमेकांना फोन न करणं हा निव्वळ आळस. आम्ही तो केला होता. परिणाम असा, की नाताळच्या आणि ३१ डिसेंबरच्या रात्री एकेका माणसाला तीन-तीन ठिकाणची बिर्याणी आणि पुलाव, आणि ४ जानेवारीला कुणीच नाही. आता एक कॅलेंडर आहे. कोणत्या वारी कोण जाणार, काय नेणार, ते त्यात लिहितात. सणाच्या दिवशी ज्याचा सण त्याला घरी राहू द्यायचं आणि दुसऱ्याने जायचं, ही सूचना एका मौलवींची.

संक्रांतीचं हळदीकुंकू हा आमच्या सोसायटीचा शोध. वाणाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे आणि चमचे येतात, जे कुणालाच नको असतात. आम्ही चिठ्ठी फिरवली: या वर्षी वाणाच्या पैशांचे पायमोजे. चाळीस घरांतून एकशे बारा जोड आले. दोघीतिघी रुसल्या, चालायचंच.

देताना एक पथ्य सगळ्यांनी पाळायचं. देवाचं नाव घ्यायला लावायचं नाही, प्रार्थना म्हणायला लावायची नाही, पत्रक हातात द्यायचं नाही. प्यायलेल्या माणसालाही पांघरूण द्यायचं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं पण ऊब भराभर निघून जाते, म्हणजे त्याला तर जास्तच गरज.

पैशांचं थोडक्यात. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपतीत मंडळं घेतात तीच. ती भानगड नको असेल तर वस्तू घ्या, किंवा नोंदणीकृत ट्रस्टच्या पावतीवर पैसे घ्या. देणगीवरची आयकराची सवलत वस्तूंवर मिळत नाही, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

रात्रीची फेरी

वार ठरलेला हवा. आमचा गुरुवार. चार जण, त्यांत दोन बायका, एकाकडे थर्मास. चहा गोड आणि आल्याचा. खायला मऊ खिचडी किंवा शिरा, कारण निम्म्यांना दात नाहीत. खिचडी शिजल्यापासून दोन तासांत संपवायची, उरली तर परत आणून दुसऱ्या दिवशी द्यायची नाही.

फोटो नाही. अगदी पाठमोराही नाही. त्यातल्या कित्येकांच्या गावाकडे ते मुंबईत नोकरीला आहेत असंच सांगितलेलं असतं.

झोपलेल्याला हलवून उठवू नका, पण नुसते पुढेही जाऊ नका. श्वास चाललाय का, अंग ओलं आहे का, एवढं बघा. जागा असेल तर दोन वाक्यं बोला, आणि बोलणं नीट ऐका. जीभ जड, बोलणं अडखळतं, हात बोथट झालेले, माणूस गोंधळलेला, आणि इतक्या थंडीतही कुडकुडणं थांबलेलं असेल तर ती दारू समजून पुढे जाऊ नका. शरीर गारठल्याची, साखर उतरल्याची किंवा अर्धांगाच्या झटक्याचीही हीच लक्षणं. तोंडाला वास आला म्हणून निदान होत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिथेच थांबा. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, आधी छाती-पाठ आणि डोकं, अंगाखाली पुठ्ठा सरकवा. नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पण "जाऊन या" म्हणून कुणी जात नाही, बरोबर जावं लागतं.

निवाऱ्याचं काय?

पालिकेच्या समाजविकास विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: आपल्या भागातला शहरी बेघर निवारा कुठे आहे, खाटा किती, बायकांची आणि कुटुंबांची सोय वेगळी आहे का. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातलं प्रमाण लाखामागे शंभर जणांचा एक कायम निवारा असं होतं. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि नवी मुंबईची ११ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्यांवर इकडे अठरा आणि तिकडे अकरा. हा हिशेब कागदावर लिहून न्या, आणि उत्तर लेखी मागा.

निवारा असला तरी पुष्कळ जण जात नाहीत. त्यांना आडमुठं म्हणण्याआधी कारणं ऐका. नवराबायकोला वेगळं झोपावं लागतं. पहाटे साडेसहाला नाका गाठायचा असतो. कुत्रं आत घेत नाहीत, आणि रात्री सामान राखतं ते कुत्रंच. शिवाय गाडीत बसवून नेतील ही धास्ती: १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे, आणि त्याखाली उचललं जाण्याच्या गोष्टी फुटपाथवर सगळ्यांना पाठ आहेत. म्हणून पहिल्या भेटीला 'चला' म्हणू नका. चौथ्या गुरुवारी "बघून तर येऊ, आवडलं नाही तर परत सोडते" म्हणा, आणि आवडलं नाही तर खरंच परत सोडा.

मानसिक आजारी माणूस एकटा भटकताना दिसला आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. कलमाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, पण नरमाईने दाखवा. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आपल्याच शहरात आहे. अशा निराधारांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन करते. तिचे डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नवी मुंबईकरांना पनवेलजवळचा सील आश्रमही माहीत असतो, रस्त्यावरच्या निराधारांसाठी ख्रिस्ती मंडळींनी उभा केलेला. तिथे जागा आहे का हे आधी विचारून मगच माणसाला शब्द द्या.

एकटं मूल दिसलं तर १०९८. वृद्धांसाठी १४५६७. बाकी तातडीला ११२.

फेब्रुवारी संपला की

रॅक बंद करू नका. आम्ही पहिल्या वर्षी केली होती, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर कळलं की गाठोड्याला छपराची खरी गरज तर आत्ता आहे. मार्चच्या एका रविवारी सगळ्या चादरी लाँड्रीत, ज्याच्या त्याच्या आकड्याची चिंधी शिवून. लाँड्रीवाल्याला आधी सांगा की कपडे कुणाचे आहेत. लपवलंत तर पुढच्या वर्षी तो घेणार नाही, सांगितलंत तर बहुधा पैसेही कमी लावतो.

कुणी महिनाभर गोणी न्यायला आलं नाही, तर दोघांनी मिळून ती उघडावी, आत काय होतं ते वहीत लिहून सह्या कराव्यात. कापडं धुऊन दुसऱ्याला देता येतात. कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, फोटो कधीही टाकायचे नाहीत. आमच्या रॅकवर आत्ता चौतीस गोण्या आहेत. अकरा नंबरची जानेवारीपासून तशीच आहे. आत दोन चादरी, एक कानटोपी आणि रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली. पत्ता जालना जिल्ह्यातला आहे. तिथे पोस्टकार्ड टाकलंय.